नेवऱ्यांची बॅग जुहूला का राहिली?

मागच्या अंकात मुंबईजवळच्या समुद्रातल्या ‘मुंबई हाय’ तेलक्षेत्राच्या रिगवर, म्हणजे तेल काढणाऱ्या फलाटांवर, कामगारांची ने-आण करणाऱ्या हेलिकॉप्टरांबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रं इंधनाबद्दल आहेत. गोव्यातल्या घराघरांत कोणी ना कोणी तारवटी, म्हणजे जहाजावर काम करणारा, असतो, आणि आता रिगवर जाणारेही कमी नाहीत. तेव्हा हे प्रश्न नुसत्या कुतूहलाचे नाहीत, घरच्या माणसाच्या काळजीपोटी आलेले आहेत. मी आधी नौदलात दाबोळीला चेतक हेलिकॉप्टर उडवलं आणि नंतर बरीच वर्षं मुंबईत जुहूच्या विमानतळाहून रिगच्या फेऱ्या केल्या. तिथे शिकलो तेच सांगतो.

प्रश्न : माझे यजमान रिगवर वेल्डर आहेत. चवथीला घरी आले होते. परत जाताना नेवऱ्या (करंज्या), खटखटे लाडू, सोलं अशी १४ किलोंची बॅग भरून दिली. जुहूला त्यांना हेलिकॉप्टरमध्ये बसवलं, पण बॅग मागे ठेवली. ती दोन दिवसांनी पोचली. ते सांगतात की १२ आसनांपैकी चार रिकामी होती. चार माणसांची जागा रिकामी असताना १४ किलो जड कसे झाले? (एक वाचक भगिनी, वास्को)

उत्तर : ताई, ती चार आसनं रिकामी दिसली तरी त्यांचं वजन खाली टाकीत इंधनाच्या रूपात बसलेलं होतं.

हेलिकॉप्टरला एकूण वजनाची मर्यादा असते. मशीन, वैमानिक, प्रवासी, सामान आणि इंधन या सगळ्यांची बेरीज तिच्या वर जाता कामा नये. म्हणून जुहूला प्रत्येक प्रवाशाला काट्यावर उभं करतात. उदाहरण म्हणून मध्यम आकाराचं, दोन इंजिनांचं हेलिकॉप्टर घ्या. मर्यादा ६,४०० किलो. तराफे, लाइफ जॅकेट, दोन वैमानिक असं सगळं धरून रिकाम्या मशीनचं वजन ४,५५० किलो. वेग १४० नॉट, म्हणजे तासाला १४० सागरी मैल. तासाला ४०० किलो इंधन जळतं. हिशेब सोपा व्हावा म्हणून हे आकडे मी गोल केले आहेत, पण खऱ्यापासून फार लांबचे नाहीत.

मुंबई हाय किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर आहे. आपण जाताना ९० सागरी मैल आणि येताना ९० धरू. डिसेंबरातली स्वच्छ सकाळ आहे, वारा नाही. जाऊन येऊन ७७ मिनिटं लागतात, त्याचे ५१४ किलो. इंजिन सुरू करून उड्डाण होईपर्यंत ३०. रिगच्या डेकवर, म्हणजे हेलिकॉप्टर उतरायच्या जागेवर, पंखे फिरते ठेवून माणसं चढ-उतार करतात, त्याचे ४०. वाटेत काही वेगळं घडलं तर म्हणून प्रवासाच्या इंधनाचा दहावा हिस्सा, ५१. आणि सगळ्यात शेवटी हात न लावण्याचा राखीव साठा. डोळ्यांनी बघून उडता येईल अशा हवेत तो २० मिनिटांचा असतो, म्हणजे १३३ किलो. बेरीज ७६८. माणसं आणि सामान यांसाठी १,०८२ किलो उरतात. ८५ किलोंची ११ माणसं प्रत्येकी १० किलोंची बॅग घेऊन आरामात जातात.

आता चवथीनंतरचा दिवस घ्या. पाऊस अजून गेलेला नाही, पश्चिमेचा वारा ४० नॉटचा. जाताना तो तोंडावर येतो, म्हणून मशीन पाण्यावरून १०० नॉटनेच सरकतं आणि ९० मैलांना ५४ मिनिटं लागतात. येताना वारा पाठीवर असतो, तेव्हा ३० मिनिटं. एकूण ८४ मिनिटं, ५६० किलो. ढग खाली आले आहेत, म्हणजे उपकरणांवर उडायचं. मग राखीव साठा २० मिनिटांवरून ३० मिनिटांवर जातो. घिरट्यांच्या वेगाने इंधन थोडं कमी जळतं, तरी १७० किलो धरावे लागतात. पण खरा फरक पुढे आहे. परत येईपर्यंत जुहू पावसात बुडालं तर काय? सांताक्रूझचा विमानतळ शेजारीच आहे, पण जुहूवर कोसळणारा पाऊस तिथेही कोसळत असतो. म्हणून दमणसारखं लांबचं ठिकाण हाताशी ठेवायचं. ते सुमारे ८० मैलांवर आहे, त्याचे आणखी २३० किलो. दहावा हिस्सा, डेकवरचा वेळ, सुरुवातीचे ३० धरून बेरीज १,०८६ किलो होते.

माणसं आणि सामानाला उरले ७६४. आठ माणसांचे ६८० गेले. राहिले ८४ किलो. आठ बॅगा प्रत्येकी १४ किलोंच्या असतील तर ११२ किलो होतात. २८ किलो जास्त. दोन बॅगा उतरवायच्या. त्यांतली एक तुमची होती.

ज्याने ती बॅग उतरवली त्याला आत नेवऱ्या आहेत हे बहुधा ठाऊक होतं. चवथीनंतरच्या आठवड्यात जुहूच्या काट्यापाशी तुपाचा वास दरवळतो. मी स्वतः अशा बॅगा उतरवल्या आहेत आणि दर वेळी वाईट वाटलं आहे. पण तुमच्या यजमानांच्या परतीच्या वाटेवरची चार मिनिटं त्या दोन बॅगांच्या जागी टाकीत बसली. पुढच्या वेळी नेवऱ्या वेगळ्या लहान पिशवीत द्या आणि पिशवी सात-आठ किलोंच्या आत ठेवा. मग त्या यजमानांबरोबरच पोचण्याची शक्यता पुष्कळ वाढेल.

प्रश्न : मी मोपा विमानतळाजवळ राहतो. एका हेलिकॉप्टरच्या माहितीपत्रकात पल्ला हजार किलोमीटरच्या आसपास दिला आहे. मोपाहून मुंबई हाय नकाशावर त्याच्या निम्मं अंतर भरतं. मग गोव्यातल्या कामगारांना मुंबईला न पाठवता इथूनच थेट का नेत नाहीत? जाऊन येऊन हजारच किलोमीटर होतात! (एक तरुण वाचक, पेडणे)

उत्तर : नकाशा तुम्ही बरोबर मोजला आहे. मोपाहून मुंबई हाय साधारण २६५ सागरी मैल, म्हणजे ४९० किलोमीटर. चूक माहितीपत्रकातला आकडा वाचण्यात आहे. तो आकडा वारा अजिबात नसताना, टाक्या काठोकाठ भरून, सोयीच्या उंचीवर उडून, बहुतेक वेळा राखीव साठाही न धरता काढलेला असतो. टाक्या काठोकाठ भरल्या की वजनाची मर्यादा तिथेच गाठली जाते आणि आसनांवर बसवायला माणसं उरत नाहीत. कामगार न नेणारं हेलिकॉप्टर रिगच्या काय उपयोगाचं?

आम्ही पल्ला वेगळ्या रीतीने मोजायचो. राखीव साठा बाजूला काढला की हाती किती तास उरतात, आणि त्या तासांत किती लांब जाऊन परत येता येतं? त्या टोकाला ‘पॉइंट ऑफ नो रिटर्न’ म्हणतात. त्यापुढे एक मैल जरी गेलात तरी निघालेल्या ठिकाणी परतण्याइतकं इंधन नाही. हाती अडीच तास आणि वेग १४० नॉट असेल तर वारा नसताना हे टोक १७५ मैलांवर पडतं. जाताना २० नॉटचा वारा समोरून आला तर ते १७१ मैलांवर येतं. ४० नॉट असला तर जेमतेम १६० मैलांवर.

इथे पुष्कळ जण विचारतात की जाताना वारा आडवा आला तरी येताना तोच मदत करतो, मग फिटंफाट का होत नाही? शापोरा नदीत होडी वल्हवून बघा. संथ पाण्यात ताशी ४ किलोमीटर जाणारी होडी आहे आणि भरती-ओहोटीचा ओढ ताशी २ किलोमीटरचा आहे. तीन किलोमीटर ओढाविरुद्ध जायचं तर वेग २ राहतो, दीड तास लागतो. येताना वेग ६ होतो, अर्धा तास पुरतो. एकूण दोन तास. संथ पाण्यात तेच जाऊन येणं दीड तासात झालं असतं. विरुद्ध प्रवाह तुम्हाला जास्त वेळ धरून ठेवतो, अनुकूल प्रवाह लवकर सोडून देतो. त्यामुळे नुकसान भरून निघत नाही. वारा कुठूनही येवो, जाऊन-येऊन तो वेळ वाढवतोच.

तुमच्या मोपाच्या कल्पनेत एक गोष्ट मात्र चांगली आहे, ती सांगितलीच पाहिजे. परतीचं ठिकाण म्हणजे निघालेलंच ठिकाण असायला हवं असं नाही. मोपाहून वायव्येकडे जाताना उजव्या हाताला रत्नागिरी आहे, पुढे जुहू आहे. अर्ध्या वाटेनंतर गोव्याकडे वळण्याऐवजी जुहू गाठणं सोपं. तेव्हा तांत्रिकदृष्ट्या अशी फेरी आखता येईल. पण दोन तास समुद्रावर काढून थोडी माणसं न्यायची, आणि जुहूहून तीच रिग तासाभरात गाठता यायची! रात्रीच्या गाडीने मुंबई गाठणं तुमच्या भावांना कंटाळवाणं वाटत असेल, पण पाण्यावरचा वेळ जितका कमी तितकं बरं, असं माझं ठाम मत आहे. १६० मैलांच्या आसपासच्या रिग जगात आहेत. ब्राझीलच्या सांतोस खोऱ्यातली तेलक्षेत्रं किनाऱ्यापासून ३०० किलोमीटरच्या आसपास आहेत. तिथे मोठी हेलिकॉप्टरं वापरतात, जादा टाक्या बसवतात आणि आसनं सोडून देतात.

प्रश्न : समुद्रात इतक्या रिग आहेत. एकीवर उतरता आलं नाही तर शेजारच्या रिगवर उतरावं. परत किनाऱ्यापर्यंतचं इंधन वाहून नेण्याची गरज काय? (एक निवृत्त शिक्षक, फोंडा)

उत्तर : सर, हा प्रश्न मला पहिल्या वर्षी पडला होता आणि त्याचं उत्तर मला एका ऑगस्टमध्ये मिळालं.

१९९०च्या दशकातली गोष्ट. हवा वाईट होती म्हणून निघण्यापूर्वी मी ८० किलो इंधन जास्त मागितलं. त्यासाठी एका कामगाराला खाली उतरावं लागलं. तो चिडला. घरी मूल आजारी असताना तो पहाटे तीनला निघून आला होता आणि आता त्याची पाळी एक दिवस पुढे जाणार होती. मी त्याची क्षमा मागितली, पण इंधन कमी केलं नाही.

रिग १२ मैलांवर आली तेव्हा रेडिओवर कळलं की डेकवर आधी उतरलेलं एक हेलिकॉप्टर बिघडून अडकलं आहे. डेक बंद. शेजारच्या रिगला विचारलं. तिथे पुरवठा जहाजावरून सामान चढवत होते, क्रेनचा हात वर होता. डेकभोवती २१० अंशांच्या पट्ट्यात कसलाही अडथळा चालत नाही. क्रेन खाली यायला वेळ लागला, तेवढ्यात पावसाची सर आली आणि डेक दिसेनासा झाला. आठ मिनिटं घिरट्या घातल्या आणि परत वळलो. जुहूला पोचलो तेव्हा तिथेही पाऊस. दुसऱ्या प्रयत्नात उतरलो. राखीव साठ्याच्या वर ७० किलो शिल्लक होते. निघताना जास्त घेतलेले ८० किलो नसते तर मला राखीव साठ्याला हात लावावा लागला असता.

रिग म्हणजे एक डेक. त्याला दुसरी धावपट्टी नाही. एखाद्याच्या हातून दोरखंड पडला तरी तो बंद. शिवाय एक इंजिन बंद पडलं तर किनाऱ्यावर लांब धावपट्टीवर सरकत उतरता येतं, तेच वजन घेऊन वीसेक मीटरच्या डेकवर उतरणं ही फार वेगळी परीक्षा. म्हणून समुद्रातला डेक पर्यायी जागा म्हणून धरायला नियमांनी पुष्कळ अटी घातल्या आहेत. तो परतीच्या टोकापुढेच धरायचा, एका इंजिनावर तिथे उतरण्याइतकं वजन कमी झालेलं हवं, हवामानाची खात्री हवी आणि डेक मोकळा राहील याचीही. शेवटची अट तर दुसऱ्याच्या हातात असते. मी स्वतः किनाऱ्याचं इंधन असल्याशिवाय निघालो नाही. रिगवर इंधनाची सोय असते, तीसुद्धा मी मिळाली तर घ्यायची म्हणून पाहिली, भरवशाची म्हणून कधी धरली नाही.

त्या कामगाराला मी दुसऱ्या दिवशी नेलं. उतरताना त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

प्रश्न : आमच्या ट्रॉलरवर डिझेलचा काटा कधीच खरा सांगत नाही, आम्ही टाकीत काठी घालून बघतो. तुम्ही काट्यावर विश्वास ठेवता का? (एक ट्रॉलरमालक, मालिम जेटी)

उत्तर : दादा, काठीची सवय सोडू नका. आम्हीही एकट्या काट्यावर विसंबत नाही. निघताना किती भरलं हे बाउजरच्या, म्हणजे इंधन भरणाऱ्या टँकरच्या, मीटरवर बघतो, काट्याशी ताडतो. हवेत दर पंधरा-वीस मिनिटांनी वेळ आणि उरलेलं इंधन लिहून काढतो. जळायला हवं त्यापेक्षा जास्त कमी झालं तर कुठेतरी गळती असू शकते. हे कागदावर दिसतं, नुसत्या काट्याकडे बघून लक्षात येत नाही.

आणखी एक. मीटर लिटर मोजतो, पण मशीनला कळतं वजन. एटीएफ, म्हणजे विमानाचं इंधन, १५ अंशांना लिटरमागे साधारण ८०० ग्रॅम भरतं. मे महिन्यातल्या ३५ अंशांत ते फुगतं आणि हजार लिटरमागे सुमारे १५ किलो कमी भरतात. आमच्या उदाहरणातल्या हेलिकॉप्टरची ती दोन मिनिटं झाली. पाण्याचं तर तुम्हाला सांगायला नको. आम्ही भरण्यापूर्वी इंधनाचा नमुना काचेच्या बरणीत काढतो आणि सिरिंजला लावलेल्या पिवळ्या कॅप्सूलमधून ओढून बघतो. ती हिरवट झाली की पाणी आहे, ते इंधन घ्यायचं नाही. समुद्रातल्या टाक्यांबाबत ही तपासणी मी कधी दुसऱ्यावर सोडली नाही. तुमची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते. रिग पावसातही चालतात, आणि दमट हवेत टाकीत पाणी धरायचे दिवस तेच.

प्रश्न : टाकीत इंधन असूनही हेलिकॉप्टर बंद पडू शकतं का? (मडगाव)

उत्तर : पडू शकतं. २९ नोव्हेंबर २०१३च्या रात्री स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात पोलिसांचं ईसी-१३५ हेलिकॉप्टर एका गजबजलेल्या पबच्या छपरावर कोसळलं. हेलिकॉप्टरमधले तिघे आणि पबमधले सात जण गेले. मुख्य टाकीत तेव्हा ७० किलोंहून जास्त इंधन होतं. त्या मशीनमध्ये मुख्य टाकीतून दोन लहान टाक्यांत पंपाने इंधन जातं आणि तिथून इंजिनांना. ते पंप बंद होते. लहान टाक्या रिकाम्या झाल्या आणि एकापाठोपाठ एक दोन्ही इंजिनं थांबली. इंधन कमी असल्याचा इशारा पाच वेळा आला होता आणि पाचही वेळा त्याची दखल घेतल्याचं बटण दाबलं गेलं होतं, असं तपासात निघालं.

हा अहवाल मी पुन्हा पुन्हा वाचला आहे. आमच्या काळात नव्या वैमानिकाला मी इंधनाचा आकडा विचारत नसे. ‘इंजिनापर्यंत पोचेल असं किती आहे?’ असं विचारत असे. इशारा आला की बटण दाबण्याआधी हात पंपाच्या स्विचवर गेला पाहिजे आणि उतरायची जागा ठरली पाहिजे. नियंत्रकाला सांगायचे शब्दही ठरलेले आहेत. आता ठरल्या जागीच उतरावं लागेल, उशीर झाला तर राखीव साठ्याला धक्का लागेल, अशी वेळ आली की ‘मिनिमम फ्युएल’ म्हणायचं. राखीव साठा मोडणारच हे दिसलं की तीन वेळा ‘मेडे’, म्हणजे संकटाची हाक, आणि ‘फ्युएल’. हे बोलण्यात कमीपणा वाटून गप्प राहणारे वैमानिक मी पाहिले आहेत. त्यांच्या शेजारी बसून मी स्वतः माइक उचलला आहे.

प्रश्न : मी बारावीत आहे. मला रिगवर जाणारी वैमानिक व्हायचं आहे. गणित फार कठीण असतं का? (डिचोली)

उत्तर : बाळ, आठवीतलं गुणोत्तर आणि काळ-काम-वेग एवढं पक्कं असलं तरी सुरुवातीला पुरतं. ते पावसात, हादरणाऱ्या कॉकपिटमध्ये, कोणी रेडिओवर बोलत असताना चुकता कामा नये, एवढंच. म्हणून आतापासून तोंडी करायची सवय लाव. हे घे : रिग १२० सागरी मैलांवर आहे, तुझा वेग १४० नॉट, जाताना २० नॉटचा वारा समोरून, येताना तोच पाठीवर. राखीव साठा सोडून तुझ्याकडे दोन तासांचं इंधन आहे. रिगवर पोचलीस आणि डेकवर क्रेनचा हात आडवा आहे. क्रेन हलण्याची वाट बघत तू किती मिनिटं घिरट्या घालू शकतेस? कागद न घेता सोडव आणि उत्तर पोस्टकार्डावर पाठव.